कारखान्याचा माल चेहऱ्यावर नको

जी वस्तू हाताळायला कारखान्यात हातमोजे लागतात, ती घरी आणून चेहऱ्याला लावू नका. जालन्यातल्या प्रत्येक घराला, शाळेला आणि मंडळाला माझी ही पहिली विनंती आहे. रंगभूषेआधी कातडीवर चाचणी कशी घ्यायची, ते पुढे सविस्तर सांगणार आहे. पण चाचणीचा नंबर दुसरा लागतो. पहिला नंबर नकाराचा आहे, आणि तो चुकला तर चाचणी तुम्हाला वाचवणार नाही.

हे सांगण्याची गरज जालन्यात जरा जास्तच आहे. आपल्या एमआयडीसीत भंगार वितळवणाऱ्या भट्ट्या आहेत, सळया काढणाऱ्या रोलिंग मिल आहेत, लेथ आणि वेल्डिंगची वर्कशॉप आहेत. १९६४ मध्ये बद्रीनारायण बारवाले यांनी महिको ही बियाणे कंपनी सुरू केली, तेव्हापासून बियाण्यांचे गाव म्हणूनही जालना देशात ओळखले जाते. शहरातल्या पुष्कळ घरांतला एखादा माणूस तरी कुठल्या ना कुठल्या शेडमध्ये कामाला आहे. त्यामुळे दुसऱ्या गावात सहज मिळणार नाहीत अशा वस्तू इथे पोरांच्या हाती लागतात. लेथवरून निघालेला कुरळा, चकाकणारा कीस असतो. तापलेल्या लोखंडावरून सुटणारी काळी-निळी स्केल असते. उरलेल्या चंदेरी रंगाचा डबा असतो. गुलाबी किंवा निळा लेप दिलेले बियाणे असते. गाडीतून काढलेले जळके ऑइल असते.

निमित्तेही कमी नाहीत. धुळवडीला हत्ती रिसाल्याची मिरवणूक निघते. गणपतीत सजीव देखावे उभे राहतात. नवरात्र आहे, शाळांची स्नेहसंमेलने आणि फॅन्सी ड्रेसच्या स्पर्धा आहेत, आणि आता मोबाइलवर रील काढणारी तरुण मुले-मुली आहेत. कुणाला रोबो व्हायचे असते, कुणाला गंजलेला लोखंडी माणूस, कुणाला राक्षस. नेहमीच्या मेकअपच्या डबीत तो रंग, ती चमक मिळत नाही. मग नजर घरातल्या नाही तर शेडमधल्या वस्तूंकडे वळते. ही कल्पकता मला मनापासून आवडते. ती टिकावी आणि तिच्यापायी कुणाचा डोळा, कातडी किंवा जीव जाऊ नये, एवढ्यासाठी हे लिहितो आहे.

नाव एक, माल दोन

गोंधळ इथून सुरू होतो. लोखंडाचा ऑक्साइड चेहऱ्याला चालतो, ही गोष्ट खरी आहे. फाउंडेशनच्या बाटलीतला तांबूस, पिवळसर आणि काळा रंग बहुधा त्याचाच असतो. मग खिडकीच्या ग्रिलला मारतात तो रेड ऑक्साइड का चालू नये? मिलमधली स्केलही लोखंडाचा ऑक्साइडच आहे, ती का नको?

कारण चेहऱ्यासाठी बनवलेला ऑक्साइड शुद्ध केलेला असतो. आपल्याकडच्या सौंदर्यप्रसाधनांच्या नियमांनुसार रंगद्रव्यात दहा लाख भागांमागे शिसे २० भागांपेक्षा आणि आर्सेनिक २ भागांपेक्षा जास्त असता कामा नये. ग्रिलच्या रंगाला ही अट लागू नाही. त्यात वाळायला मदत करणारी रसायने आणि पातळ करायला टर्पेंटाइन किंवा थिनर असते. स्केलमध्ये मशीनचे तेल मिसळलेले असते, भंगारातून आलेले इतर धातू असू शकतात, आणि तिच्या कडा काचेसारख्या धारदार असतात. पापणीखाली त्यातला एक कण गेला तरी बुबुळावर ओरखडा उठतो.

चंदेरी आणि सोनेरी रंगाचेही तेच. रंगाच्या दुकानात मिळणारी चंदेरी पावडर ॲल्युमिनियमची असते आणि सोनेरी पावडर बहुधा तांबे-जस्ताची. १९३८ मध्ये हॉलिवूडमध्ये ‘द विझार्ड ऑफ ऑझ’ या चित्रपटात पत्र्याच्या माणसाची भूमिका बडी एब्सन या नटाला मिळाली होती. त्याच्या चेहऱ्यावर ॲल्युमिनियमची भुकटी लावत. ती श्वासावाटे फुफ्फुसात गेली, त्याला रुग्णालयात ऑक्सिजनवर ठेवावे लागले आणि भूमिका हातची गेली. त्याच्या जागी आलेल्या जॅक हेलीला भुकटीऐवजी लेप लावला गेला. एवढ्या मोठ्या स्टुडिओत, अनुभवी रंगभूषाकारांच्या हातून हे घडले. आपल्या मंडळाच्या मांडवात कुणी चंदेरी पावडर फुंकून चिकटवत असेल, तर त्याचा हात धरा.

प्लास्टर ऑफ पॅरिसची गोष्ट तर अधिक वेदनादायक आहे. मुखवट्याचा साचा काढण्यासाठी ते थेट चेहऱ्यावर थापण्याचा मोह होतो. घट्ट होताना ते तापते, आणि जाड थर असेल तर ६० अंश सेल्सिअसपर्यंत जाऊ शकते. जानेवारी २००७ मध्ये इंग्लंडमधल्या लिंकनशायर परगण्यात एका १६ वर्षांच्या मुलीने शाळेच्या तासाला हाताचा साचा काढण्यासाठी बादलीभर प्लास्टरमध्ये हात घातले. ते घट्ट झाले, हात बाहेर निघेनात. भाजल्यामुळे तिची जवळपास सगळी बोटे गेली. ओल्या सिमेंटनेही कातडी भाजते. शिवाय सिमेंटमधल्या क्रोमियममुळे गवंड्यांच्या हाताला जो बरा न होणारा इसब होतो, तो आपण सगळ्यांनी पाहिला आहे.

धारावीतली धुळवड

महाराष्ट्राने याचा मोठा धडा २०१२ मध्ये घेतला आहे. त्या वर्षी मार्चमध्ये, धुळवडीच्या दिवशी, मुंबईत धारावीतली मुले रंग खेळून घरी आली आणि चक्कर, उलट्या, मळमळ होऊन कोसळू लागली. शंभराहून अधिक मुलांना सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात दाखल करावे लागले. एक मुलगा दगावला. तिथल्या डॉक्टरांनी या घटनेचा अभ्यास पुढे २०१७ मध्ये ‘इंडियन पेडिॲट्रिक्स’ या नियतकालिकात छापला. मुलांच्या रक्तात मेथेमोग्लोबिन वाढले होते. म्हणजे रक्तातले हिमोग्लोबिन बदलून गेले होते आणि ते ऑक्सिजन वाहून नेऊ शकत नव्हते. ॲनिलिन जातीच्या, कापडाला किंवा प्लास्टिकला वापरायच्या रंगांनी असे होते. हे रंग धडधाकट कातडीतूनही शरीरात उतरतात.

या घटनेतली एक गोष्ट नीट समजून घ्या. असा रंग आदल्या दिवशी हातावर थोडासा लावून पाहिला असता, तर कदाचित काहीच दिसले नसते. खाज आली नसती, लाली आली नसती, आणि रंग ‘पास’ झाला असता. हातावरची चाचणी आग, पुरळ आणि ॲलर्जी ओळखते. विष ओळखणे तिच्या आवाक्यातले नाही.

शेंदराचेही असेच आहे. समर्थ रामदासांचे जन्मगाव जांब आपल्याच जिल्ह्यात आहे. मारुती आपल्या घरचा देव आहे, आणि मिरवणुकीत लहान मुलाला मारुती बनवून शेंदूर फासण्याची हौसही जुनी आहे. पण पारंपरिक शेंदूर म्हणजे शिशाचा ऑक्साइड. तो कातडीला झोंबत नाही, म्हणून निरुपद्रवी वाटतो. घाम पुसताना तो हाताला लागतो, हाताने प्रसाद खाल्ला की पोटात जातो, आणि शिसे लहान मुलाच्या मेंदूच्या वाढीवर घाव घालते. २०१७ मध्ये अमेरिकेत शेंदूर-सिंदूराच्या ११८ नमुन्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातले काही नमुने मुंबई आणि दिल्लीतून घेतले होते, आणि बहुसंख्य नमुन्यांत शिसे सापडले. जुन्या सोंगांच्या रंगपेटीतले मुरदाडशिंगही शिशाचेच, आणि हिंगूळ पाऱ्याचा. आजोबा लावत होते म्हणून नातवाला लावावा, असा हा रंग नाही. मूर्तीला शेंदूर जरूर चढवा. मुलाला मारुती करायचे असेल तर चेहऱ्यासाठी बनवलेला केशरी रंग आणा.

पहिली पायरी: वस्तू ओळखा

म्हणून कोणतीही वेगळी वस्तू हाती घेतली की आधी विचारा: ही नेमकी काय आहे, आणि कशासाठी बनवली आहे?

वस्तू कारखान्यातली असेल तर याचे उत्तर लिहिलेले सापडते. रसायनासोबत एमएसडीएस नावाचा माहितीचा कागद येतो, आता त्याला एसडीएस म्हणतात. त्याचे १६ भाग असतात. दुसऱ्या भागात धोके, चौथ्यात प्रथमोपचार, आठव्यात हातमोजे-मास्क-चष्म्याची गरज आणि अकराव्यात शरीरावरचे परिणाम दिलेले असतात. भोपाळच्या दुर्घटनेनंतर १९८७ मध्ये कारखाने कायद्यात दुरुस्ती झाली, तेव्हा आपण हाताळतो त्या पदार्थाची माहिती मिळण्याचा कामगाराचा हक्क कायद्यात आला. तो हक्क घरच्यांसाठीही वापरा. सुपरवायझरकडून किंवा सेफ्टी ऑफिसरकडून कागद मागून घ्या. डब्यावर कवटीची, हातावर सांडणाऱ्या थेंबाची किंवा उद्गारचिन्हाची खूण असेल तर पुढचे वाचायचीही गरज नाही.

वस्तूवर नाव नाही, डबा फुटका आहे, कुणी तरी सुट्टी पुडी बांधून दिली आहे, असे असेल तर ती बाजूला ठेवा. काय आहे ते ठाऊक नसलेला पदार्थ त्वचारोगतज्ज्ञसुद्धा रुग्णाच्या कातडीवर तपासत नाहीत. आपण तर मुळीच तपासू नये.

पुढच्या वस्तूंना हातावरसुद्धा जागा नाही:

– ऑइल पेंट, वॉर्निश, चंदेरी-सोनेरी धातूची पावडर, थिनर, टर्पेंटाइन, घासलेट.
– जळके ऑइल, ग्रीस, डांबर, बूटपॉलिश. वापरलेल्या इंजिन ऑइलमध्ये कर्करोगाशी संबंध असलेली रसायने जमा झालेली असतात.
– भट्टीची धूळ, स्लॅग, स्केल, ग्राइंडिंगची धूळ, लेथचा कीस. भंगार वितळवताना उडणाऱ्या धुळीत जस्त आणि शिसे असू शकते.
– सिमेंट, प्लास्टर ऑफ पॅरिस, चुना. चुना डोळ्यात उडाला तर दृष्टी जाऊ शकते.
– कापड, प्लास्टिक किंवा कागद रंगवायचे औद्योगिक रंग.
– लेप दिलेले बियाणे. त्याचा सुंदर रंग धोक्याची खूण म्हणूनच दिलेला असतो. लेपात बुरशीनाशक आणि कीटकनाशक असते. त्यातले थायरम तर ॲलर्जी उठवणारे म्हणून डॉक्टरांच्या यादीत आहे. उरलेले बी पोरांच्या हस्तकलेच्या पेटीत जाता कामा नये.
– झटपट चिकटणारा डिंक, म्हणजे फेविक्विकसारखा. तो कापसाला किंवा सुती कापडाला लागला की एवढा तापतो की कातडी भाजते.
– चमकणाऱ्या कांड्या फोडून काढलेले पाणी.

‘नैसर्गिक’ म्हणजे निर्धोक, हा समजही सोडा. बिब्बा नैसर्गिकच आहे, आणि तो उतला की काय होते हे मराठवाड्यात नव्याने सांगायला नको. काळी खूण किंवा गोंदणाचा भास आणण्यासाठी बिब्ब्याचे तेल वापरू नका. आंब्याचा चीक त्याच कुळातला आहे. रुईचा आणि शेराचा चीक डोळ्यात गेला तर बुबुळाला इजा होते. लिंबाचा रस लावून उन्हात उभे राहिले की कातडीवर भाजल्यासारखे काळे डाग पडतात.

रांगोळी अंगाला चोळू नका. तिच्यात दगडाची भुकटी असते, ती कातडीला खरचटते आणि श्वासातही जाते. हस्तकलेचे रंग आणि चमकी यांच्या डब्यावर ‘नॉन-टॉक्सिक’ लिहिलेले असते. पोराने चुकून थोडे चाटले तर विषबाधा होणार नाही, एवढाच त्याचा अर्थ. तासन्‌तास चेहऱ्यावर ठेवायला ते चालतील, असे ते शब्द सांगत नाहीत.

दुसरी पायरी: हातावरची चाचणी

पहिल्या पायरीवर जे टिकले, त्याचीच चाचणी घ्यायची. म्हणजे चेहऱ्यासाठी बनवलेले पण तुमच्यासाठी नवे रंग, कातडीसाठीचा डिंक, रबर लेटेक्स, आणि स्वयंपाकघरातल्या मुलतानी माती, हळद, कॉर्नफ्लॉवर, जिलेटिन, कॉफी यांसारख्या वस्तू.

ही पद्धत काही परदेशातून शिकायला नको. घरात केसांचा डाय असेल तर त्याच्या खोक्यातला कागद उघडा. आपल्या कायद्याने तो कागद इंग्रजीत आणि स्थानिक भाषेत देणे बंधनकारक केले आहे. कानामागची किंवा कोपराखाली हाताच्या आतल्या बाजूची थोडी जागा साफ करा, डाय लावा, वाळू द्या, २४ तासांनी धुवा, आणि प्रत्येक वेळी वापरण्याआधी ही चाचणी करा, असे त्यात सांगितलेले असते. आपण तो कागद न वाचता खोक्यासकट कचऱ्यात टाकतो. रंगभूषेसाठी तीच पद्धत थोडी वाढवून वापरायची आहे.

१. कार्यक्रमाच्या किमान १० दिवस आधी सुरुवात करा. आदल्या रात्री घेतलेल्या चाचणीचा उपयोग नाही. ॲलर्जीची पुरळ बऱ्याचदा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उठते.

२. ज्याच्या चेहऱ्याला रंग लागणार आहे, त्याच्याच हातावर चाचणी घ्या. ताईला चालले म्हणून धाकट्याला चालेल असे नाही. देखाव्यात आठ जण असतील तर आठ हात तपासावे लागतील.

३. कोपराच्या खाली, हाताच्या आतल्या बाजूला, रुपयाच्या नाण्याएवढी जागा साध्या पाण्याने धुऊन कोरडी करा. तिथे जखम, इसब, नुकतीच केलेली शेव्हिंग किंवा वॅक्सिंग नसावे. स्टेरॉइडचे औषध किंवा मलम चालू असेल, तर काही न उठणे हा भरवशाचा निकाल नाही. ॲलर्जीच्या गोळीनेही गांधी दबून जाऊ शकतात.

४. प्रत्यक्षात जसे लावणार तसेच लावा. रंग डिंकात मिसळणार असाल तर मिसळूनच लावा, आणि जेवढे तास तो चेहऱ्यावर राहणार तेवढे तास ठेवा. काढायला जे तेल किंवा क्लीन्झर वापरणार, त्यानेच काढा. पुष्कळदा रंग निर्दोष असतो, त्रास डिंकाने किंवा काढायच्या पदार्थाने होतो. दोन-तीन वस्तू असतील तर प्रत्येकीसाठी वेगळी जागा ठेवा आणि शेजारी पेनाने क्रमांक लिहा.

५. अर्ध्या तासाने, २४ तासांनी, ४८ तासांनी आणि ७२ तासांनी जागा पाहा. आपल्या सावळ्या कातडीवर लाली चटकन दिसत नाही. म्हणून बोट फिरवून पाहा: जागा गरम लागते का, खरखरीत झाली आहे का, बारीक पुटकुळ्या आहेत का. खाज, आग, सूज, फोड किंवा पांढरट चट्टा, यातले काहीही दिसले की ती वस्तू बाद. आग होऊ लागली तर तास मोजत बसू नका, लगेच धुवा.

६. हात स्वच्छ राहिला तर जबड्याखाली, कानाजवळ, एवढासा ठिपका लावून आणखी एक दिवस पाहा. चेहऱ्याची कातडी हातापेक्षा नाजूक असते आणि पापणीची सर्वांत पातळ. डोळ्याभोवती आणि ओठांवर लावायचा रंग त्या जागेसाठीच बनवलेला असावा. हाताने दिलेली परवानगी डोळ्याला लागू होत नाही.

७. वहीत लिहून ठेवा: नाव, तारीख, वस्तू, कंपनी, बॅच क्रमांक, निकाल. नवा डबा आणला की बॅच बदलते, म्हणून चाचणी पुन्हा घ्या.

रंगभूषा हा ज्यांचा व्यवसाय आहे, किंवा जे रोज एखादे सोंग घेतात, त्यांनी आणखी एक चाचणी करावी. तीच वस्तू कोपराच्या खोबणीत दिवसातून दोनदा, सात दिवस लावावी. शरीर एखाद्या पदार्थाशी वैर धरायला साधारण दहा दिवस ते दोन आठवडे घेते. म्हणून पहिल्या वेळी काहीच न झालेली वस्तू तिसऱ्या-चौथ्या वेळी चेहरा सुजवू शकते. काळ्या मेहंदीत मिसळतात ते पीपीडी याचे ठळक उदाहरण आहे. त्याची ॲलर्जी एकदा जडली की बहुधा जन्मभर राहते, आणि पुढे केसांचा डायही सोसत नाही. खरी मेहंदी काळी नसते. काही मिनिटांत गडद काळी रंगते ती मेहंदी हाताला नको, तिची चाचणीही नको. डिंकाचेही असेच असते. टिकलीच्या डिंकातल्या एका रसायनामुळे कपाळावर कायमचे पांढरे डाग पडल्याच्या नोंदी भारतातल्या डॉक्टरांनी केल्या आहेत. असे डाग पडायला महिने लागतात, दोन दिवसांच्या चाचणीत ते दिसत नाहीत.

पाच वर्षांखालच्या मुलावर कोणत्याही वेगळ्या वस्तूची चाचणी घेऊ नका आणि वापरही करू नका. ज्यांना दमा, इसब किंवा पूर्वी कशाची तीव्र ॲलर्जी आहे, त्यांनी आधी त्वचारोगतज्ज्ञांना विचारावे. डॉक्टरांची पॅच टेस्ट वेगळी असते. पाठीवर ठरावीक पदार्थांच्या छोट्या चकत्या ४८ तास लावून, पुढे दोन-तीन दिवस ते निकाल वाचतात. नेमका कोणता घटक सोसत नाही, ते त्यातून कळते.

कार्यक्रमाच्या दिवशी

आधी साधा मॉइश्चरायझर लावा, मग रंग. भुकटी फुंकू नका, ओल्या ब्रशने टिपा. लावणाऱ्याने मास्क घालावा. कुणाचा ब्रश, लिपस्टिक, काजळ दुसऱ्याला वापरू नका.

अंगभर रंग लावला की कातडीचा श्वास कोंडून माणूस मरतो, अशी एक समजूत आहे. १९६४ च्या ‘गोल्डफिंगर’ या जेम्स बाँडपटात सोनेरी रंगाने मारलेली बाई दाखवल्यापासून ती जगभर पसरली. माणूस श्वास नाकातोंडाने घेतो. अंगभर रंगाचा खरा धोका उष्णतेचा आहे. घाम बाहेर पडून वाळला नाही की शरीर थंड होत नाही. मार्चमधल्या जालन्याच्या उन्हात, मिरवणुकीत नाचताना, पाणी न पिता, हा धोका आणखी वाढतो. म्हणून अंगभर रंग टाळा. पाठ आणि पोट कपड्याने झाका, सावलीत बसा, पाणी पीत राहा, आणि सजीव देखाव्यातल्या माणसाला तासातासाला बदली द्या.

रंग काढताना घाई करू नका. थिनर, घासलेट, पेट्रोल, कपड्याचा साबण आणि घासणी चेहऱ्याजवळ आणू नका. त्यांनी कातडीचे रक्षण करणारा थर निघून जातो आणि उरलेला रंग आणखी आत उतरतो. खोबरेल तेल हलक्या हाताने चोळा, मऊ कापडाने टिपा, मग सौम्य साबणाने धुवा.

त्रास झालाच तर

कोरडी भुकटी आधी मऊ कापडाने झटका, मग भरपूर वाहत्या पाण्याने १५ ते २० मिनिटे धुवा. डोळ्यात गेले तर तेवढाच वेळ डोळा उघडा धरून पाणी सोडा, चोळू नका, आणि थेट डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. चुन्यावर लिंबू, आम्लावर सोडा असले उलटे उपाय करू नका. हळद, टूथपेस्ट, शाई लावू नका. झटपट डिंकाने कातडी चिकटली तर ओढू नका, कोमट साबणाच्या पाण्यात भिजवून हळूहळू सोडवा.

ओठ किंवा चेहरा सुजला, श्वास लागला, किंवा रंग खेळल्यावर चक्कर, उलटी, डोकेदुखी होऊन ओठ आणि नखे निळसर पडली, तर कपडे काढून अंग धुवा आणि १०८ ला फोन करा. धारावीतल्या मुलांना झालेल्या बाधेवर औषध आहे, पण ते रुग्णालयातच मिळते. दिल्लीच्या एम्समधले विषबाधा माहिती केंद्र २४ तास चालू असते, त्याचा विनामूल्य क्रमांक १८००-११६-११७ आहे. रंगाचा डबा किंवा पुडी सोबत न्या. डॉक्टरांचा अर्धा वेळ त्याने वाचतो.

लोखंड दिसू द्या, कातडीवर नको

पोलादाच्या गावातल्या मुलांना लोखंडी माणूस करावासा वाटणारच, आणि तो त्यांनी करावा. त्यासाठी धातू कातडीला लावायची गरज नाही. चेहऱ्यासाठी मिळणारे चंदेरी रंग बहुधा अभ्रकापासून बनतात आणि दिव्याखाली छान चमकतात. गंज दाखवायला चेहऱ्यासाठी बनवलेल्या तपकिरी रंगावर कॉफीची पूड आणि टिश्यू पेपर पुरतो. जखमेचा व्रण जिलेटिनचा होतो, फक्त ते पूर्ण कोमट झाल्यावर लावा. पत्रा, नट-बोल्ट, साखळी, वायर हे सगळे फोमच्या तुकड्यावर रंगवून अंगरख्यावर शिवा. मुखवटा हवा असेल तर कागदाच्या लगद्याचा करा. त्याला आतून सुती कापड लावा, डोळ्यांना आणि नाकाला मोठी भोके ठेवा. चेहऱ्याचा साचा काढायचाच असेल तर दंतवैद्य दातांच्या मापासाठी वापरतात ते अल्जिनेट जाणकाराच्या हातून वापरा.

रंग घेताना डबीवर उत्पादकाचे नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच, मुदत आणि घटकांची यादी पाहा. यातले काही नसेल तर तो रंग स्वस्त मिळाला तरी घेऊ नका.

आता शेवटची विनंती, ज्याच्या त्याच्या वाट्याची. कारखानदारांनो, भंगार, धूळ आणि उरलेले रंग गेटबाहेर उघड्यावर ठेवू नका, कुणी मागितले तरी देऊ नका. कामगार बंधूंनो आणि भगिनींनो, शेडमधली वस्तू पोरांसाठी म्हणून खिशात घालून आणू नका, आणि कामाचे कपडे वेगळे धुवा. शेतकऱ्यांनो, उरलेले लेपाचे बी कुलपात ठेवा. मुख्याध्यापकांनो, स्नेहसंमेलनाच्या सूचनेत एक ओळ घाला: कोणती रंगभूषा, कोणत्या वस्तूंची, आणि चाचणी घेतली की नाही, हे पालकांनी लिहून द्यावे. मंडळांच्या कार्यकर्त्यांनो, यंदा वर्गणीतले थोडे पैसे चांगल्या रंगांसाठी बाजूला काढा आणि चाचणीची वही मांडवात ठेवा. रंगभूषाकारांनो, गिऱ्हाईक घाई करत असेल तरी चाचणीशिवाय नवी वस्तू लावू नका. ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार तुमच्या हातात आहे. आणि आई-बाबांनो, लेकरू एखादी चमकणारी वस्तू घेऊन आले आणि ‘हे लावू का?’ म्हणाले, तर रागावू नका. त्याच्यासोबत बसून आधी ती काय आहे ते वाचा. वाचता आले नाही तर लावू नका. वाचून पटले तर दहा दिवस आधी हातावर लावून पाहा.